तैलरंगातलं बंदर : होड्या पाण्यात बसतच नाहीत!

गेरू_आणि_निळा
मंडळी, सल्ला हवा आहे. तैलरंगात एक बंदर रंगवायला घेतलंय. कॅनव्हास साधारण दीड बाय दोन फूट. सकाळची वेळ, डावीकडे दगडी धक्का, धक्क्याला लागलेल्या मासेमारी नौका, मधल्या पाण्यात नांगरलेल्या काही होड्या, मागे गोदामांची रांग आणि त्यामागे धूसर टेकडी. शैली वास्तववादीच ठेवायची आहे.

टेकडी जमली, गोदामं जमली. नौकाही एकेक करून पाहिल्या तर बऱ्या आहेत. दोरखंड, टायर, गंजाचे ओघळ, सगळं इमानेइतबारे काढलंय. पण चार पावलं मागे जाऊन अख्खं चित्र बघितलं की होड्या पाण्यात वाटतच नाहीत, वरून चिकटवल्यासारख्या दिसतात. प्रतिबिंबं आहेत, तरीही. पाण्याला अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा वापरलाय. होड्या वेगवेगळ्या फोटोंवरून घेतल्यात.

तर प्रश्न असा : अजून तपशील भरू, की आहेत ते पुसू?

उनाड_कुंचला
फोटो टाका, त्याशिवाय आम्ही अंधारात बाण मारणार.

गेरू_आणि_निळा
टाकला. मोबाइलमध्ये पाणी आहे त्याहून भडक निळं येतंय, तेवढं समजून घ्या.

उनाड_कुंचला
नाही हो, मोबाइलचा दोष नाही. :)

बोरूबहाद्दर
'वेगवेगळ्या फोटोंवरून' म्हणालात तिथेच मेख आहे. रंगाकडे नंतर वळू, आधी रेखाटन तपासा.

समजा तुम्ही धक्क्यावर उभे आहात आणि तुमचे डोळे पाण्यापासून तीन मीटर उंचीवर आहेत. मग क्षितिजरेषा चित्रातल्या प्रत्येक होडीला, ती जिथे पाण्याला टेकते तिथून तीन मीटर उंचीवर कापणार. होडी वीस मीटरवर असो नाहीतर पाचशे मीटरवर. म्हणजे डोलकाठी पाण्यापासून सहा मीटर उंच असेल तर क्षितिज तिच्या बरोबर मध्यातून जाणार, जवळच्या होडीचंही आणि लांबच्या होडीचंही. आता तुमचा फोटो बघा. उजवीकडच्या निळ्या होडीचं अख्खं आतलं दिसतंय, फळ्या मोजता येतात, म्हणजे ती उंचावरून टिपलेली आहे. तिच्या शेजारची पांढरी जवळपास पाण्याच्या पातळीवरून घेतलेली आहे, आतलं काहीच दिसत नाही. दोघींची बांधणी सारखीच, अंतरही सारखंच. बघणाऱ्याने एकाच वेळी शिडीवर चढायचं आणि पाण्यात उतरायचं की काय?

क्षितिज टेकडीमागे लपलंय म्हणून ते नाही असं होत नाही. कोळशाने बारीक रेघ ओढा आणि एकेका होडीची हजेरी घ्या.

गेरू_आणि_निळा
बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. रेघ ओढून बघतो.

आळशी_बोका
म्हणून मी होड्या काढतच नाही. सगळीकडे धुकं पसरवून मोकळा होतो. लोक म्हणतात 'काय वातावरण पकडलंय!'

निळाई
बोरूबहाद्दरांना अनुमोदन, पण रेखाटन बिनचूक असूनही होडी चिकटवलेली दिसू शकते. मी प्रतिबिंबांबद्दल लिहिते.

तुम्ही होडी उलटी करून खाली उतरवली आहे, रंग तेच, छटाही त्याच. प्रत्यक्षात गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं फिकं पडतं आणि फिक्या वस्तूचं थोडं गडद. पाणी सगळा उजेड परत पाठवत नाही, काही आत जातो. उलट पाण्याचा स्वतःचा रंग त्या प्रतिबिंबात मिसळतो. म्हणून पांढऱ्या होडीचं प्रतिबिंब मळकट हिरवट-करडं होणार आणि काळ्या बुडाच्या नौकेचं प्रतिबिंब कधीच निखळ काळं राहणार नाही. तुमच्या चित्रात काळ्या नौकेच्या खालचा भाग नौकेइतकाच काळा आहे. त्यामुळे नौका कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं तेच कळत नाही.

दुसरं, प्रतिबिंब म्हणजे उलटं केलेलं चित्र नव्हे. तुमचे डोळे पाण्याच्या जितके वर, जणू तितकंच पाण्याच्या खालून ते दृश्य पाहिलेलं असतं. धक्क्यावर उभं राहून जेट्टीचा वरचा पृष्ठभाग दिसतो, प्रतिबिंबात मात्र तिच्या खालच्या तुळया दिसतात. डोलकाठी तुमच्याकडे झुकलेली असेल तर प्रतिबिंब लांब होतं, पलीकडे झुकली असेल तर आखूड. आणि ते नेहमी वस्तूच्या बरोबर खाली उभं उतरतं. सूर्य डावीकडे आहे म्हणून प्रतिबिंब उजवीकडे कलत नाही, ती सावली झाली!

सप्तछटा
>> आणि ते नेहमी वस्तूच्या बरोबर खाली उभं उतरतं.
यावर आमच्या मित्रमंडळात एकदा मोठं भांडण झालं होतं. शेवटी टेबलावर आरसा आडवा ठेवून त्यावर पेन्सिल उभी केली, मग शांतता.

जुनाट
मी थोडा वेगळा सूर लावतो. मूळ प्रश्न तपशिलाचा होता. माझं उत्तर : पुसा. निर्दयपणे पुसा.

फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदराची सकाळ रंगवली. क्रेन, डोलकाठ्या, होड्या, सगळं दोन-चार फटकाऱ्यांत. तरी ते बंदरच वाटतं. त्यातला नारिंगी सूर्य आजूबाजूच्या आभाळाइतकाच उजळ आहे. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. आपल्याला तो झगझगीत वाटतो तो फक्त रंगाच्या विरोधामुळे. असा एक निर्णय सगळ्या टायरांवर आणि गंजाच्या ओघळांवर भारी पडतो.

बोरूबहाद्दर
जुनाटराव, धागाकर्त्याला वास्तववादी शैलीच हवी आहे. त्याला मोनेकडे पाठवणं म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला दुसऱ्याच गावाला नेऊन सोडणं.

त्यापेक्षा व्हर्ने बघा. क्लोद-जोझेफ व्हर्ने, फ्रेंच चित्रकार. १७५३ मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुईने त्याला देशातली बंदरं रंगवायचं काम दिलं. बेत चोवीस चित्रांचा होता, १७६५ पर्यंत पंधरा झाली. प्रत्येक बंदर ओळखू आलं पाहिजे आणि तिथे काय चालतं तेही दिसलं पाहिजे, अशी अपेक्षा होती. म्हणून एकात ट्यूना माशांची शिकार आहे, इतरांत पिंपं, गासड्या, दोरखंड, गप्पा मारणारी माणसं. तपशिलाने चित्र मरतं म्हणणाऱ्यांनी ती पाहावीत.

जुनाट
पाहिलीत. आणि म्हणूनच सांगतो, व्हर्नेच्या चित्रांत अर्ध्याहून जास्त जागा आभाळाला आहे. तपशील खाली एका पट्ट्यात कोंबलाय, वरती डोळ्याला विसावा. आपल्या धागाकर्त्याने आभाळाला चार बोटं जागा ठेवलीय. तपशील असावा की नसावा हा वाद नाहीच, डोळा टेकवायला जागा कुठे आहे ते सांगा.

बोरूबहाद्दर
हे मान्य. आधी असंच म्हणाला असतात तर मी एवढं टंकलं नसतं.

आळशी_बोका
दोघे एकमेकांशी सहमत झाले! धाग्याचं काही खरं नाही.

भरतीओहोटी
मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. होड्यांवर काम करण्यात मात्र बरीच वर्षं गेली आहेत. चित्र बघून पहिला प्रश्न पडला तो असा : भरती आहे की ओहोटी?

कारण दोन्ही एकदम चालू आहे. धक्क्याच्या भिंतीवर पाण्याच्या वर ओल नाही, शेवाळ नाही, कोरडा दगड थेट पाण्यात गेलाय. म्हणजे पूर्ण भरती. मग नौकांचे कठडे धक्क्याच्या इतके खाली का? पाणी वर असेल तर नौकाही वर येणार. ओहोटी दाखवायची असेल तर भिंतीवर पट्टे येऊ द्या : सगळ्यात वर कोरडा फिका दगड, त्याखाली काळपट पट्टा, मग हिरवं बुळबुळीत शेवाळ, आणि पाण्याला लागून ओला चकाकणारा दगड. शिडीच्या खालच्या पायऱ्यांनाही तेच.

दोर बघा. धक्क्यावरून नौकेला बांधलेले सगळे दोर तुम्ही फूटपट्टीने ओढल्यासारखे ताणलेत. पाणी खाली-वर होणार हे माहीत असल्याने बांधणारा दोराला ढील ठेवतो. दोर मध्ये झोल खातो. काही तर पाण्याला टेकून ओले होतात, तेवढा भाग गडद.

आणि मधल्या होड्या. नुसत्या पुढच्या नांगरावर असलेल्या होड्या वाऱ्याप्रमाणे किंवा प्रवाहाप्रमाणे फिरतात, तोंडं साधारण एकाच दिशेला. तुमच्या होड्या भांडण झाल्यासारख्या चार दिशांना तोंड करून बसल्यात.

गेरू_आणि_निळा
भरतीओहोटी, 'चित्रकलेतलं कळत नाही' असं परत म्हणू नका. भरती की ओहोटी हे मी ठरवलंच नव्हतं. आता ठरवलं, अर्धी ओहोटी. शेवाळाचा पट्टा रंगवायला मिळणार म्हणून.

निळाई
भरतीओहोटींच्या प्रतिसादाची वाखु (वाचनखूण) साठवली आहे. अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही : सतराव्या शतकातला डच चित्रकार थोरला विलेम फान दे वेल्दे होडीत बसून प्रत्यक्ष आरमारी लढायांची रेखाटनं करायचा. १६७४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने बाप-लेकाला प्रत्येकी वर्षाला १०० पौंड लावून दिले, बापाला रेखाटनांचे आणि धाकट्या विलेमला ती रंगात उतरवण्याचे. जहाज कसं बसतं, शीड कसं फुगतं हे बघणारा एक आणि रंगवणारा दुसरा. गेरू आणि भरतीओहोटी यांनी भागीदारी करायला हरकत नाही.

भरतीओहोटी
बापाचा पगार मला चालेल.

उनाड_कुंचला
आणि रशियन समुद्रचित्रकार आयवाझोव्स्की याच्या अगदी उलट. बंदराच्या गावात जन्मला, आयुष्यभर समुद्र रंगवला, पण बहुतेक सगळं आठवणीतून, स्टुडिओत. लाटेची हालचाल समोर बसून पकडता येत नाही असं त्याचं मत होतं. त्याची स्मरणशक्ती आपल्याकडे नाही, तेव्हा आपण फोटो वापरू.

तैलबुद्धी
उशिरा आलो. पाण्याच्या रंगावर अजून कोणी नीट बोललेलं दिसत नाही.

अल्ट्रामरीन अधिक टायटेनियम व्हाइट एवढ्यावर पाणी रंगवलं की ते खडूसारखं कोरडं आणि बाळबोध निळं होतं. पाण्यात सरळ खाली बघितलं तर पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के उजेड परत येतो, बाकी तुम्हाला पाण्याच्या आतलं दिसतं. नजर जितकी तिरकी, तितकं परावर्तन जास्त. दूरच्या पाण्यात जवळपास आभाळच दिसतं. म्हणजे चित्राच्या खालच्या कडेला, धक्क्यालगत, पाणी गडद आणि हिरवट-तपकिरी, आणि वर जाताजाता आभाळाच्या रंगाकडे झुकणारं. हा बदल तुमच्या पाण्यात नाही. वरपासून खालपर्यंत एकच निळा पडदा आहे, म्हणून पाणी आडवं पसरलेलं न वाटता उभं वाटतं. आणि उभ्या पडद्यावर होड्या चिकटवलेल्याच दिसणार, दुसरं काय होणार?

जवळच्या पाण्याला अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडा येलो ऑकर (मातकट पिवळा) घाला, पांढरा जवळजवळ नको. मधल्या पट्ट्यात त्यातच व्हिरिडियन या हिरव्याचा कण. दूरच्या पाण्याला आभाळासाठी केलेलंच मिश्रण घ्या, एक घर गडद करून. काळी ट्यूब बाजूला ठेवा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून हवा तितका खोल गडद मिळतो, तो गरमही करता येतो आणि थंडही.

लाटांचंही तेच. जवळ मोठ्या आणि सुट्या, लांब गेलं की चपट्या होत नुसत्या आडव्या रेघा. हलत्या पाण्यात प्रतिबिंबाच्या आडव्या कडा मोडतात, उभ्या टिकतात आणि खाली लांबत जातात. म्हणून डोलकाठीचं प्रतिबिंब वाकडंतिकडं का होईना, दूरवर येतं. कठड्याची आडवी रेघ मात्र विरघळते. ओल्यातच ओला रंग लावून कोरड्या चपट्या ब्रशने आधी वरून खाली हलके ओढा, मग एकदाच आडवा हात फिरवा. एकदाच! दुसऱ्यांदा फिरवलात की चिखल.

सप्तछटा
'एकदाच' हे ब्रशच्या दांड्यावर कोरून घ्यायला हवं.

जुनाट
बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). फक्त पाण्यावरच्या सावल्यांचं राहिलं. नितळ पाण्यावर सावली धड पडतच नाही, तिथे पाण्यातलं दिसतं किंवा प्रतिबिंब दिसतं. पाणी गढूळ असेल तर मात्र सावली स्पष्ट उमटते, कारण उजेड अडवायला पाण्यात गाळ असतो. बंदरातलं पाणी बहुधा गढूळच. तेव्हा धक्क्याची सावली दाखवा, पण प्रतिबिंबाशी तिची गल्लत करू नका.

चकचकीत_चंदू
मला एक कळत नाही. हे सगळं करायचं तर फोटोच फ्रेम करून का लावू नये?

जुनाट
आली काडी.

निळाई
चंदू, फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर होतात आणि पाण्यावरची चमक पांढरीफटक. डोळ्याला त्या सावलीत शेवाळ दिसतं, दोराची वेटोळी दिसतात. शिवाय वाइड लेन्सने जवळची नौका फुगते आणि डोलकाठ्या आत कलतात. तेच जसंच्या तसं उतरवलं की जाणकाराला लगेच कळतं, हे बंदर नाही, फोटो रंगवलाय. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यासाठी तर रंगवायचं.

चकचकीत_चंदू
पटलं. काडी परत घेतो.

रंगारी_रविवारचा
दोरखंड आणि डोलकाठ्यांसाठी युक्ती. रिगर ब्रश घ्या, लांब केसांचा. रंग टर्पेंटाइनने शाईइतका पातळ करा, खालचा थर पुरता वाळू द्या, हात मॉलस्टिकवर (हाताला आधार द्यायच्या काठीवर) टेका आणि रेघ मनगटाने न ओढता खांद्यातून ओढा. श्वास रोखू नका, हात थरथरतो. आणि दोर पूर्ण लांबीभर सारखा दाखवू नका. गडद गोदामासमोर तो फिका असतो, उजळ आभाळासमोर तोच गडद दिसतो, मध्ये कुठेतरी दोन्हींत हरवतो. हरवू द्या. सगळे दोर शेवटपर्यंत दाखवले की बंदराचं जाळं होतं.

तैलबुद्धी
युक्ती झकास, एक पुरवणी. खालच्या थरात तेल जास्त झालं असेल तर वर नुसत्या टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग धड धरत नाही. खाली कमी तेल, वर जास्त, हा नियम दोरांनाही लागू. शेवटच्या थरातल्या रेघांसाठी जवसाच्या तेलाचे थेंबभर तरी घाला.

उनाड_कुंचला
तेलावरून आठवलं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. आणि खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइनची वाफ चांगली नाही.

आळशी_बोका
माझ्या ओल्या धुक्यावर एकदा मांजर चालून गेलं. त्यालाही लोक 'वातावरण' म्हणाले.

गेरू_आणि_निळा
मंडळी, परत आलो. नवा फोटो टाकलाय.

क्षितिजाची रेघ ओढल्यावर दोन होड्या सपशेल नापास झाल्या. निळी खरवडून काढली, तिथे आता नुसतं पाणी आहे आणि ते बरं वाटतंय. पांढरी थोडी वर सरकवली. जवळचं पाणी सिएना घालून गडद केलं. भिंतीवर शेवाळाचा पट्टा आला आणि धक्का एकदम जड झाला, हा सगळ्यात मोठा फरक. काळ्या नौकेच्या प्रतिबिंबात हिरवट करडा मिसळलाय. टायर दोन ठेवले, बाकीचे गेले.

अजूनही पांढरी होडी किंचित तरंगतेय.

निळाई
खूपच छान! पांढरीबद्दल : ती पाण्याला टेकते ती रेघ सगळीकडे सारखी धारदार आहे. एखाद-दोन ठिकाणी, जिथे बूड सावलीत आहे तिथे, ती रेघ बोटाने पुसून पाण्यात मिसळून टाका. आणि एका जागी, उजेड पडतो तिथे, पाण्याची पातळशी चमकती रेघ बुडाला घासून जाऊ द्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच, तपशील राहू दे, कडा पुसा.

बोरूबहाद्दर
शिवाय तिच्या बुडाच्या खालच्या भागात पाण्याचा रंग घ्या. पांढऱ्या फळ्यांवर खालून हिरवट उजेड येतो, ऊन असेल तर हलत्या चमकदार रेषाही. तुम्ही बूड सगळीकडे करडं केलंय.

गेरू_आणि_निळा
करतो. एक वेगळी अडचण, गडद पाणी वाळल्यावर काही ठिकाणी मॅट आणि निस्तेज झालंय, बाजूला मात्र चकाकतंय. आता व्हार्निश मारू का?

तैलबुद्धी
थांबा, व्हार्निश नको! वरच्या थरातलं तेल खालच्या थराने शोषलंय, तपकिरी रंगांत हे फार होतं. तिथे जवसाच्या तेलात थोडा सॉल्व्हंट मिसळून कापडाने अगदी पातळ पुसा, उरलेलं कोरड्या कापडाने टिपून घ्या. खरी छटा परत दिसेल, मग पुढचं काम करा. पारंपरिक व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने, रंग आतपर्यंत सुकल्यावर.

भरतीओहोटी
चित्र आता बंदर वाटतंय. होड्यांची तोंडं एका दिशेला, झकास. एकच राहिलं. सगळ्या होड्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या आहेत, पण उजवीकडच्या होडीच्या मागच्या टोकावरचा झेंडा पुढे, वाऱ्यावर चालून जातोय.

गेरू_आणि_निळा
तेवढा एकच भाग पूर्ण वाळलाय हो!

रंगारी_रविवारचा
पॅलेट नाइफ, बारीक सँडपेपर आणि धीर.

आळशी_बोका
किंवा धुकं.